गिरणीच्या रस्त्याची वही कशी लिहावी

खानदेशातल्या बाजाराच्या गावात स्टेशनकडून निघणारा एक तरी रस्ता असा असतो, ज्याच्या टोकाला कापसाचं जिन (कापसातली सरकी वेगळी काढायचा कारखाना), तेलाची गिरणी किंवा कापडाची मिल होती. मधल्या पट्ट्यात अडत दुकानं, लोहार, सायकलवाला, खानावळ, बारदानाचं दुकान, पिठाची चक्की; मागच्या अंगाला कामगारांच्या खोल्या. अमळनेरला प्रताप मिल होती, जळगावला खान्देश मिल. भोंगे बंद झाले, जागा विकल्या गेल्या. जळगावात खान्देश मिलच्या जागेला आता खान्देश सेंट्रल म्हणतात, आणि ‘मिलच्या मागे’ हा पत्ता नव्या पोराला सांगून कळत नाही. पण सत्तर-ऐंशीच्या घरातल्या माणसांना हा रस्ता अजूनही दारांच्या ओळीनं आठवतो: आधी कोण, मग कोण, बोळ कुठं, नळ कुठं. तो उतरवून घेण्याची रीत खाली दिली आहे.

पहिला नियम असा की प्रत्येक आठवण एका दाराला बांधायची. ‘पूर्वी इथं फार गजबज असायची’ हे वाक्य वहीत घेऊ नका. ‘या दारात बारदान शिवायला चार बायका बसायच्या, संध्याकाळी मालक नगावर पैसे द्यायचा’ हे घ्या. दार ठरलं की माणूस चुकत नाही, आणि चुकला तरी शेजारचा दुरुस्त करतो. दाराशिवायच्या आठवणीला कुणी दुरुस्त करू शकत नाही, म्हणून ती गोड राहते आणि निरुपयोगीही.

आधी रस्ता मोजा, मग माणसं

सुरुवात मुलाखतींपासून करू नका. एका वेळी तीनशे ते साडेतीनशे मीटरचा पट्टा घ्या. दोन्ही बाजू मिळून साठ-सत्तर दारं येतात आणि दोघांना एका उन्हाळ्यात तेवढंच पुरं होतं. तीस मीटरचा फायबरचा टेप, आलेख कागद, पेन्सिल, दोन माणसं. टेप नसेल तर पावलांनी मोजा, पण आधी मोजलेल्या तीस मीटरवर तीनदा चालून आपली पावलं किती होतात ते पाहून घ्या. दमलेल्या माणसाचं पाऊल लहान पडतं, म्हणून मोजणी सकाळीच.

नकाशाचं प्रमाण एक सेंटिमीटरला पाच मीटर ठेवा. साडेतीनशे मीटरचा रस्ता सत्तर सेंटिमीटरमध्ये बसतो. तीन ए-फोर कागद लांबीनं जोडले की झालं. डावी-उजवी बाजू लिहू नका, कारण स्टेशनकडून येणाऱ्याची डावी ती गावातून येणाऱ्याची उजवी. उत्तर बाजू, दक्षिण बाजू असं धरा आणि दारांना स्वतःचे क्रमांक द्या: उ-१, उ-२, द-१, द-२. नगरपालिकेचे घर क्रमांक तीन-चारदा बदललेले असतात, ते फक्त बाजूच्या रकान्यात. धुळ्याच्या पेठेत काम करत असाल तर गल्ली नंबर मात्र कधीच सोडू नका. इंग्रज अधिकारी कॅप्टन ब्रिग्जनं १८१९ च्या सुमारास नवी पेठ वसवली तेव्हाचे सरळ रस्ते आजही तसेच आहेत, आणि जुनी माणसं दुकानाच्या नावापेक्षा गल्लीच्या नंबरानं बोलतात.

इथं हमखास होणारी चूक ही: उ-१४ चं दुकान भावांच्या वाटणीत तीन ठिकाणी फुटलेलं निघतं आणि उत्साही माणूस पुढचे सगळे क्रमांक बदलतो. तसं करू नका. उ-१४अ, उ-१४आ, उ-१४इ करा. दिलेला क्रमांक शेवटपर्यंत बदलायचा नाही, नाहीतर आधीच्या ध्वनिफिती कुठल्या दाराच्या हेच कळेनासं होतं. पडलेल्या वाड्यालाही क्रमांक द्या, मोकळ्या प्लॉटलाही, बोळालाही. हातगाडी उभी राहायची ती जागा, सार्वजनिक नळ, बैलगाड्या सोडायची जागा यांनाही. ज्यांच्याकडे दार नव्हतं अशी माणसं याच जागांवर सापडतात.

मूळ नकाशा शाईनं काढून त्यावर ट्रेसिंग पेपरचे थर चढवा. एक थर १९५० च्या आसपासचा, एक १९६५ चा, एक १९८० चा, एक १९९५ चा. म्हातारं माणूस बोलताना दशकातून दशकात उड्या मारतं. समोर थर असले की ज्या काळाचं बोलणं चाललंय तो कागद वर घ्यायचा आणि बोट ठेवायला सांगायचं. बोट ठेवल्यावर जे आठवतं ते नुसतं विचारून आठवत नाही.

वही लांबट, दोनशे पानी. प्रत्येक दाराला समोरासमोरची दोन पानं. रकाने: आजचा वापर, आधीचे वापर, चालवणारं कुटुंब, जागेचा मालक, कधीपासून कधीपर्यंत, कुणी सांगितलं, आणि आधार. आधार तीनच प्रकारचा: तोंडी, कागद, वस्तू. एकाच तोंडी असेल तर पेन्सिलनं लिहा. दुसरं तोंड किंवा कागद मिळाला की शाईनं.

कागद कुठं असतात

सिटी सर्व्हेचा उतारा भूमी अभिलेख कार्यालयातून मिळतो. त्यात सिटी सर्व्हे नंबर, क्षेत्र, धारक आणि तारखांसकट फेरफार असतात. वाटणी, विक्री, वारस यांची वर्षं इथून पक्की होतात. पण उताऱ्यात मालक असतो, दुकान चालवणारा नसतो. तीस वर्षं चहा विकणारा भाडेकरू तिथं दिसतच नाही. त्याच्यासाठी नगरपालिकेची घरपट्टीची आकारणी यादी पाहा. तीत मालकाबरोबर भोगवटादाराचंही नाव असतं. जुन्या याद्या रेकॉर्ड रूममध्ये गाठोड्यात बांधलेल्या असतात. दाखवायला टाळाटाळ झाली तर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहितीच्या अधिकारात ‘अभिलेखाचं निरीक्षण’ मागा. प्रती मागू नका, आधी निरीक्षणच मागा. कोणतं वर्ष हवं हे तुम्हाला यादी पाहिल्याशिवाय कळणार नाही.

जुन्या दुकानदाराकडे १९४८ च्या कायद्याखालचा गुमास्ता परवाना चौकटीत लावलेला असतो, बहुतेक वेळा देवाच्या फोटोशेजारी. कामगाराच्या घरी पीएफची पावती, हजेरी कार्ड, पितळी बिल्ला, बोनसची चिठ्ठी. अमळनेरात आणखी एक कागद विचारा: शेअर. वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही कंपनी २९ डिसेंबर १९४५ रोजी तिथंच स्थापन झाली, वनस्पती तूप आणि कपड्यांचा साबण करायची. तीच पुढं विप्रो झाली. गावातल्या कितीतरी घरांनी तिचे शेअर घेतले होते आणि जुनी कागदी प्रमाणपत्रं पेट्यांत राहिली आहेत. त्यावरची तारीख आणि पत्ता कामाचा. फोलिओ क्रमांकाचा आणि सहीचा फोटो मात्र काढू नका. तो पैशाचा कागद आहे.

१८८० मध्ये छापलेला मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा बारावा खंड खानदेशाचा आहे, त्यात गावांच्या तेव्हाच्या व्यापाराच्या नोंदी आहेत. तो वाचून जा, पण माणसांसमोर त्यातलं बोलून दाखवू नका. छापील माहिती ऐकली की माणूस आपली आठवण तिच्याशी जुळवून सांगायला लागतो.

वर्ष कसं काढायचं

‘कोणत्या साली?’ असं विचारलं की उत्तर मिळतं, पण ते अंदाजाचं असतं. साल विचारू नका, खुंटा विचारा. हे नवे पैसे येण्याआधी की नंतर? नवे पैसे १ एप्रिल १९५७ ला आले. शेर-मणाची वजनं दुकानात होती का, की किलो आले होते? किलोचं वजन १९५८ पासून टप्प्याटप्प्यानं आलं. सराफाच्या दारात विचारायचं तर सोनं नियंत्रण: जानेवारी १९६३ मध्ये चौदा कॅरटचा नियम आला आणि कारागिरांची कामं गेली, जळगावच्या सराफ बाजारात यापेक्षा घट्ट खुंटा दुसरा नाही. डिसेंबर १९७१ च्या लढाईतला काळोख, १९७२ चा दुष्काळ, जून १९७५ ची आणीबाणी, १६ फेब्रुवारी १९८० चं खग्रास सूर्यग्रहण (आपल्याकडे ते खंडग्रास दिसलं, पण भरदुपारी रस्ते ओस पडले होते), ऑक्टोबर १९८४ मधली इंदिरा गांधींची हत्या, आणि सप्टेंबर १९९५ मध्ये गणपती दूध पितो म्हणून लागलेल्या रांगा. नंदुरबारच्या रस्त्यावर काम असेल तर १ जुलै १९९८, जिल्हा वेगळा झाला तो दिवस. आजोबांच्या पिढीची गोष्ट असेल तर डिसेंबर १९३६ ची फैजपूरची काँग्रेस. घरातलं कुणी तिथं गेलं होतं का, हे पोरानातवंडांनाही ठाऊक असतं.

जिनाच्या आणि कापसाच्या दारांसाठी सगळ्यात उपयोगी खुंटा १९७२ चाच, पण दुष्काळामुळे नव्हे. त्या वर्षी राज्यात एकाधिकार कापूस खरेदी योजना सुरू झाली. कापूस खासगी व्यापाऱ्याला विकता येईना, अडत्यांचं आणि दलालांचं बस्तान हललं, जिनं सरकारी खरेदीच्या कापसावर चालू लागली. ‘एकाधिकाराच्या आधी या दारात काय होतं?’ हा प्रश्न रस्त्यावरच्या प्रत्येक अडत दुकानात विचारायलाच हवा. अर्धा रस्ता त्या एका प्रश्नानं उलगडतो.

सार्वजनिक खुंटा लागला नाही तर घरचा लावा. मोठ्या मुलीच्या लग्नाआधी की नंतर, धाकटा पाळण्यात होता का. मग मुलाच्या शाळेच्या दाखल्यावरून साल काढा. दोघांनी दोन सालं सांगितली तर मधलं साल काढून लिहू नका. दोन्ही लिहा, कुणी कोणतं सांगितलं त्यासकट. पुष्कळदा दोन्ही बरोबर असतात: एकानं भोंगा बंद झालेलं साल सांगितलेलं असतं, दुसऱ्यानं फाटकाला कुलूप लागलेलं.

यंत्राजवळच्या माणसाला काय विचारायचं

‘जुना काळ कसा होता?’ हा प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहून त्यावर फुली मारा. कामगाराला हातांबद्दल विचारा. ‘आप्पा, भोंगा झाल्यापासून पट्टा चढेपर्यंत तुम्ही काय काय करायचात, ओळीनं सांगा.’ एवढं विचारून गप्प बसा. पहिला अर्धा मिनिट शांत जातो, मग हात हलायला लागतात. हात हलले की तोंड थांबवू नका.

यासाठी तुम्हाला कामाची साखळी आधी माहीत हवी, नाहीतर कुठली कडी निसटली ते कळणार नाही. जिनाची साखळी अशी: बैलगाडीतून किंवा ट्रकमधून कापूस येतो, काट्यावर वजन, आवारात ढीग, तिथून टोपल्यांनी रेच्यांवर, म्हणजे सरकी काढायच्या यंत्रांवर. कुणी रेचे म्हणतात, कुणी चरखे. सांगणारा जो शब्द वापरेल तोच लिहायचा. चामड्याचा रूळ तंतू ओढतो, त्याला चिकटून बसलेल्या सुरीपाशी सरकी अडते, हलणारी सुरी ती खाली पाडते. एका बाजूला रुई, खाली सरकी. रुई प्रेसमध्ये जाते, गाठ बांधली जाते, वजन, शिक्का, आणि स्टेशन. सरकी तेलाच्या गिरणीला, आणि तेल निघाल्यावर ढेप परत त्याच शेतकऱ्याच्या गोठ्यात.

प्रत्येक कडीवर माणूस विचारा. कापूस टाकायला कोण, रूळ घासायला कोण, यंत्रं फिरवणाऱ्या शाफ्टला तेल द्यायला कोण, इंजिनावर कोण. किती रेच्यांचं जिन होतं, एका ओळीत की दोन. शाफ्ट जमिनीखालून होता की डोक्यावरून. हा प्रश्न साधा वाटतो, पण खरंच आत काम केलेला माणूस आणि फाटकातून पाहिलेला माणूस यातला फरक त्यावरून कळतो. इंजिन वाफेचं, क्रूड तेलाचं की विजेची मोटर, आणि बदल झाला तेव्हा कुणाचं काम गेलं.

आकडे तपासायलाही साखळीच कामाला येते. शंभर किलो कापसातून साधारण तेहतीस-पस्तीस किलो रुई निघते, बाकी सरकी आणि थोडी घट. आजची गाठ १७० किलोची, म्हणजे एका गाठीला सुमारे पाच क्विंटल कापूस. कुणी सांगितलं की रोज शंभर गाठी निघायच्या, तर रोज पाचशे क्विंटल कापूस आवारात यायला हवा. तेवढ्या गाड्या त्या फाटकातून जायच्या का, हे समोरच्या पानटपरीवाल्याला विचारा. जुनी गाठ ३९२ पौंडांची आणि रुईची खंडी ७८४ पौंडांची, म्हणजे सुमारे ३५६ किलो. धान्याची खंडी वीस मणांची असते, ती वेगळी. या दोन खंड्यांची गल्लत झाली की सगळा हिशेब वाकडा होतो, आणि ही गल्लत शिकलेली माणसंच जास्त करतात.

प्रेसमध्ये काम केलेल्याच्या घरी एक वस्तू मुद्दाम विचारा: शिक्का मारायचा पत्र्याचा साचा. १९२५ च्या जिनिंग-प्रेसिंग कायद्यानं प्रत्येक गाठीवर अनुक्रमांक आणि त्या प्रेसचं ठरलेलं चिन्ह मारणं बंधनकारक केलं होतं. असा एक साचा माळ्यावर सापडला तर त्याला दहा मुलाखतींची किंमत आहे.

कापडाच्या मिलमध्ये खातं विचारा. रिंग खात्यातला (सूत कातणारा) आणि साच्यावरचा (मागावर कापड विणणारा) कामगार एकाच फाटकातून आत जायचे, पण त्यांची धूळ वेगळी, आवाज वेगळा, पगार वेगळा. पाळी कोणती, बदलीवर होते की कायम, जॉबर (कामगारांवरचा मुकादम) कोण. बदलीवाल्यांची नावं बहुतेक कोणत्याही कागदावर नसतात. फाटकाशी उभं राहून आज काम मिळेल का याची वाट पाहणाऱ्यांची जागा नकाशावर दाखवा, आणि तिथं उभे राहायचे त्यांच्यातला कुणी हयात असेल तर त्याला पहिल्या दहा मुलाखतींत घ्या.

अपघाताचं पहिल्या बैठकीत विचारू नका. पट्ट्यात गेलेला हात, कापसाला लागलेली आग, हे दुसऱ्या बैठकीत माणूस स्वतः काढतो. काढलं तर जागा, यंत्र आणि मागून काय मिळालं किंवा मिळालं नाही ते नीट विचारा. त्यांना ते सांगायचंच असतं. आजवर कुणी थांबून ऐकलेलं नसतं.

नाव लिहिताना काळजी घ्या. एका मिलमध्ये पाटील, चौधरी, महाजन, सोनवणे या आडनावांची माणसं डझनानं. पूर्ण नाव, वडिलांचं नाव, मूळ गाव, आणि रस्ता त्यांना ज्या नावानं हाक मारायचा तेही. हाक मारायचं नाव नसेल तर दुसरा कुणी त्यांना ओळखणारच नाही. बोलणं अहिराणीत झालं तर अहिराणीतच उतरवा. ‘जिनमा कामले जाऊत’ याचं प्रमाण मराठी करून ठेवलं तर बोलणारी माय त्यातून निघून जाते. लेवा बोली, तावडी, गुजराती, दखनी यांनाही हाच नियम. अर्थ लागत नसेल तर समासात लिहा, मजकुरात बदल नको.

ध्वनिमुद्रण

फोन पुरतो. विमान मोडवर टाका, दुमडलेल्या टॉवेलवर सांगणाऱ्यापासून हातभर अंतरावर ठेवा. टेबलावर थेट ठेवला की कपबशीचा प्रत्येक आवाज घणासारखा येतो. पंखा बंद करायला सांगू नका. एप्रिलमध्ये जळगावात म्हाताऱ्या माणसाचा पंखा बंद करणं हा गुन्हा आहे. फोन पंख्याच्या झोतातून बाजूला घ्या, तेवढं पुरतं. सुरुवातीला तारीख आणि दार क्रमांक बोला. मोनो डब्ल्यूएव्ही फाइल तासाला सुमारे ३२० एमबी होते. जागा आधी पाहून ठेवा, कारण फोन भरतो तो नेमका रंगात आलेल्या बोलण्यात. त्याच रात्री दोन प्रती, दोन वेगळ्या घरांत. एका तासाचं बोलणं उतरवायला पाच-सहा तास लागतात, म्हणून आठवड्याला दोनपेक्षा जास्त बैठका घेऊ नका. न उतरवलेल्या फायलींचा ढीग म्हणजे पुन्हा हरवलेला रस्ता.

एक बैठक पाऊण तासाची. सकाळी नऊच्या आत किंवा संध्याकाळी. दिवाळीनंतर कापसाचा हंगाम लागला की व्यापारी माणसाला वेळ नसतो.

बायका, आणि पगाराचा दिवस

पुरुषांच्या सांगण्यावर वही थांबली तर ती फाटकापर्यंतच पोहोचते. बैठक घरात घेतली की नवरा उत्तर देतो आणि बाई चहा करते. म्हणून आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची, वाट पाहा. या रस्त्यावर वाढलेल्या आणि लग्न होऊन गेलेल्या लेकी तेव्हा माहेरी येतात, झोक्यापाशी चार-पाच जणी एकत्र बसलेल्या असतात. विचारणारीही बाईच हवी. खोली किती बाय किती, किती माणसं झोपायची, नळाला पाणी कधी, रात पाळीचा माणूस दिवसा झोपला की पोरांना कुठं पाठवायचं, जिनात रुई वेचायला कोण कोण जायचं आणि तान्हं मूल कुठं ठेवायचं. एकीनं सांगितलं की दुसरी दुरुस्त करते, तिसरी हसते, आणि दार क्रमांक आपोआप येत जातात.

मिल बंद पडल्यावर सुरतेला, नाशिकला, मुंबईला गेलेली कुटुंबं श्रावणात कानबाई देवीच्या सणाला सापडतात. रोटांना, म्हणजे तिच्या प्रसादाच्या जेवणाला, सगळी भाऊबंदकी एका घरी जमते. आधी निरोप द्या, सण उरकू द्या, विसर्जनानंतरची दुपार मागून घ्या.

आणि सगळ्यांना, न चुकता, पगाराच्या दिवसाबद्दल विचारा. फाटकातून निघालेला पैसा घरी पोहोचेपर्यंत कुठं कुठं थांबायचा? किराणा, खानावळ, व्याजानं दिलेले, पान, शिंप्याचा हप्ता, लेकरांची शेव-जिलबी. हा मार्ग पेन्सिलनं ट्रेसिंगवर काढा. पाच-सहा घरांचे मार्ग एकावर एक ठेवले की रस्त्यावर कुठलं दुकान कुणाच्या पगारावर उभं होतं ते दिसतं, आणि मिल बंद झाल्यावर आधी कुठलं दार बंद झालं असेल तेही. मग ते कागदाशी ताडून पाहा.

वह्या, फोटो, वस्तू

व्यापाऱ्याच्या लाल कापडी वह्या दिसल्या तर तिथल्या तिथं उघडायची घाई करू नका. लिपी मोडी असेल, गुजराती असेल, मारवाडी महाजनी असेल. मोडीसाठी धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ आहे, १९२७ पासून, तिथं विचारा. तुम्हाला निदान तारीख काढता यायला हवी. शके असेल तर ७८ मिळवा. जानेवारी ते गुढीपाडवा या काळातली नोंद असेल तर ७९. गुजराती पेढ्यांचा संवत दिवाळी पाडव्याला बदलतो: पाडव्यापासून ३१ डिसेंबरपर्यंत संवतातून ५७ वजा करा, १ जानेवारीपासून पुढच्या दिवाळीपर्यंत ५६. संवत २००० ची होळीची नोंद म्हणजे १९४४ ची. जमा डाव्या हाताला, नावे उजव्या. १९५७ आधीचे आकडे रुपये-आणे-पैचे: सोळा आण्यांचा रुपया, बारा पैंचा आणा. त्यांचं दशमानात रूपांतर करून लिहू नका, जसे आहेत तसे उतरवा.

फोटो आणि कागद खिडकीजवळच्या सावलीतल्या उजेडात, फ्लॅशशिवाय टिपा. शेजारी पंधरा सेंटिमीटरची पट्टी ठेवा. मागची बाजूही टिपा. स्टुडिओचा शिक्का आणि कुणीतरी पेन्सिलनं लिहिलेलं नाव तिथंच असतं. मूळ वस्तू घरी नेऊ नका. न्यावीच लागली तर दोन प्रतींत पावती, परत करायच्या तारखेसह. वाळवीला घाबरून लोक कागद उन्हात घालतात किंवा लॅमिनेशन करून आणतात. दोन्ही थांबवा. उन्हानं शाई उडते, लॅमिनेशन पुन्हा निघत नाही. टाचण्या काढा, चिकटपट्टी लावू नका, स्वच्छ सुती कापडात गुंडाळून जमिनीपासून उंच ठेवा.

काय बाहेर जाऊ द्यायचं नाही

हे बोलणं सुरू होण्याआधी ठरवा. भाडेकरू दबकून बोलतो, कारण तो किती सालापासून दुकानात आहे हे उद्या कोर्टात निघू शकतं. त्याची भीती खरी आहे. चालू भाडेकरूचं सुरुवातीचं साल मूळ वहीत ठेवा, बाहेर जाणाऱ्या प्रतीत ‘फार वर्षांपासून’ एवढंच. घरमालक ध्वनिफीत मागायला येईल; देऊ नका. कुणाचं कर्ज, कुणाची उधारी, भावांचा दावा, थकलेल्या देण्यांच्या चालू केसेस, हेही तसंच. प्रत्येकाला बैठकीनंतर विचारा: नाव लावू की नको, कुठला भाग बंद ठेवू, किती वर्षं. उत्तर फितीवरच घ्या. नंतर त्यांनी मन बदललं तर त्यांचं नवं म्हणणं चालेल, जुनं नाही.

नकाशा लोकांसमोर

साठ-सत्तर टक्के दारं भरली की मूळ नकाशाची मोठी प्रत, एक सेंटिमीटरला अडीच मीटर, रस्त्यावरच्याच चहाच्या टपरीवर आठवडाभर लावा. सोबत सुतळीनं बांधलेल्या दोन पेन्सिली. फक्त दारं आणि व्यवसाय दाखवा, खासगी काहीही नको. लोक उभ्याउभ्या भांडतील, खोडतील, दुसऱ्या खोडण्यावर पुन्हा लिहितील. रोज संध्याकाळी त्याचा फोटो काढा. खोडलेलं कुणी आणि केव्हा खोडलं तेही टपरीवाल्याला विचारून नोंदवा. दोन बैठकांत न सुटलेली दारं या आठवड्यात सुटतात. टपरीवाल्याला चहाचे पैसे रोजच्या रोज द्या.

मग प्रत्येक दाराचं एक पान छापून त्या दारात द्या आणि मोठ्यानं वाचून दाखवा, कारण चष्मा सापडत नाही म्हणून पान तसंच कपाटात जातं. दुरुस्तीसाठी पंधरा दिवस थांबा. पूर्ण वहीच्या पाच प्रती: गावच्या वाचनालयात एक, शाळेत एक, राजवाडे मंडळासारख्या संस्थेत एक, रस्त्यावरच्या दोन घरांत दोन. शेवटी वीस कोरी पानं शिवून ठेवा आणि वरच्या कोपऱ्यात दार क्रमांकासाठी चौकट आखा. उशिरा आठवणारी माणसं येतच राहतात.